चार हजारांचा कॅमेरा

"दादा, तुमाले एका दिवसाचे किती देतेत?"

हेमताईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात गरम भजं होतं. ते धड गिळता येईना, थुंकता येईना. आमच्या कॅमेऱ्याच्या धंद्यात माणसाला त्याच्या बायकोबद्दल विचारलं तरी चालतं, पण त्याचा रेट विचारायचा नसतो. जो तो आपला आकडा पोटात घेऊन फिरतो. आणि ही बाई भर चहाच्या टपरीवर, चार माणसांच्या देखत, खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली होती.

"चार," मी पुटपुटलो.

"चारशे?"

"हजार."

"अगा माय!" त्यांनी बशी खाली ठेवली. "एका दिवसाचे? लग्न, हळद, वरात, सगळं मिळून?"

"लग्न नाही हो ताई. साधा एक दिवस. शिफ्ट म्हणतात तिला."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की टपरीवाल्यानं झारा थांबवून पाहिलं. "म्हंजे रेट रेल्वेनं येते म्हणा की!" त्या म्हणाल्या. "तुमसरले लग्नाचे सहाशे. भंडाऱ्याले सातशे. नागपूरले दीड हजार. अन् गाडी मुंबईले पोचली का चार हजार. कॅमेरा थोच, बटण थेच. जसं स्टेशन, तसा भाव."

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. नाव संदेश तोरसकर, मुक्काम डोंबिवली. पाच वर्षं मी मुंबईत कॅमेरा अटेंडंट म्हणून राबलो होतो. अटेंडंट म्हणजे दुसऱ्याच्या कॅमेऱ्याच्या पेट्या उचलणारा, काच पुसणारा आणि शिव्या खाणारा. वीणा कर्णिक नावाच्या दिग्दर्शिका होत्या, जुन्या कारागिरांवर माहितीपट करायच्या. त्यांनी मला पहिल्यांदा कॅमेरा नंबर एक हातात दिला आणि भंडाऱ्याजवळच्या एका गावात आणलं. तिथले नत्थूजी बांगरे हे पितळ-काशाचं ओतकाम करणारे कारागीर. वय पंचाहत्तर. नदीकाठच्या देवळाची घंटा तडकली होती, तिच्या जागी ते नवी, दीड मणाची घंटा ओतणार होते. एकदाच. मातीचा साचा एकदाच भरतो, दुसरा टेक नाही.

निघताना वीणा मॅडमनी मला सरळ सांगितलं होतं, "संदेश, धातूचा रस ओततानाचा शॉट मिळाला तर पुढच्या वर्षभराची मालिका तुझी. तो हुकला तर परत पेट्या उचलायच्या. मला नंतर रडगाणं नको."

आमच्याबरोबर दुसरा कॅमेरामन मुंबईहूनच यायचा होता, पण त्याला ऐन वेळी कावीळ झाली. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर पेडणेकर, म्हणजे ज्यांच्या खिशातून सगळ्यांचे पैसे सुटायचे, त्यांनी भंडाऱ्यात चौकशी करून एक 'लोकल' कॅमेरामन ठरवला. सकाळी स्कूटी थांबली आणि कॅमेरामनच्या ऐवजी पंचेचाळिशीच्या हेमलता गभणे, म्हणजेच हेमताई, उतरल्या. नवऱ्याचा लग्नाच्या व्हिडिओचा धंदा होता. तो वारल्यावर बारा वर्षं त्या एकट्या चालवत होत्या. पेडणेकरांना कोण आनंद! "चार हजारांचा माणूस सातशेत मिळाला," ते मला डोळा मारून म्हणाले. मीही हसलो. तो हसलेला मी मला आजही आवडत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तयारीचे शॉट घेतले. दोन्ही कॅमेरे एकाच पेटीतून आलेले, अगदी सारखे. मी दिसेल ते शूट करत होतो. भट्टी, भाता, मातीचे ढीग, कोंबड्या, नत्थूजींची जानवं घातलेली पाठ. दुपारपर्यंत माझ्या तीन कॅसेट संपल्या होत्या. हेमताईंची पहिलीच चालू होती, आणि तीही पाव भरली नव्हती.

"ताई, बटण दाबायला पैसे पडत नाहीत," मी शहाणपणा केला.

"आमाले पडतेत जी," त्या म्हणाल्या. "कॅसेट मी माझ्या पैशानं घेतो. एडिटिंगले नागपूरले धाडलं तर तिथंच सातशे जातेत. म्हणून मी एडिटिंग करतच नाही. जे पाह्यजे थेच भरतो, अन् ज्या क्रमानं पाह्यजे त्याच क्रमानं. लग्न लागलं का पिक्चर तयार."

"आणि काही चुकलं तर?"

"चुकून कसं चालन? नवरदेव पुन्हा घालन का माळ?"

मला ते पटलं नाही. मला वाटलं, गरिबीची सवय आहे, दुसरं काय. बारा वर्षं ही बाई जे करत होती, ते मुंबईतल्या मोठमोठ्यांना जमत नाही, हे कळायला मला अजून एक दिवस लागायचा होता. त्यांना कोणतीही गोष्ट घडण्याच्या एक श्वास आधी कळायची. नवरीची आई कधी रडेल, मामा कधी चिडेल, अंतरपाट कधी सरकेल, हे सगळं त्या चेहऱ्यांवरून ओळखत. तेवढ्यापुरतंच त्यांचं बोट हलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ओतायचं ठरलं. शेडमध्ये जमिनीत खड्डा, खड्ड्यात साचा. एका बाजूला भट्टीजवळ मी. समोरच्या बाजूला नत्थूजींच्या पत्नी अनसूयाबाई बसणार होत्या, त्यांच्याजवळ हेमताई. "तुम्ही फक्त अनसूयाबाईंचा चेहरा घ्यायचा," वीणा मॅडमनी त्यांना बजावलं. "घंटेकडे बघायचंसुद्धा नाही. ते संदेशचं काम."

मग नत्थूजी उभे राहिले. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की भाता मारणारा पुतण्या थांबला.

"ऐका जी सगळे. मूस उचलली का कोणी बोलायचं नाही. खोकायचं नाही. मी 'झालं' म्हणीन तवाच तोंड उघडायचं. रस पडता पडता कोणी बोललं, तं तो शब्द घंटेच्या पोटात अडकते. मंग घंटा बोबडी निघते. जलमभर."

पेडणेकर हळूच हसले. नत्थूजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "अन् कोणी बोललं का मले बी ऐकू येत नाही, साहेब. साचा भरताना आतून गुडगुड वाजते. थो आवाज ऐकून मी हात आवरतो. तुमी बोलले तर मी चुकतो, अन् मी चुकलो तर सहा महिन्याची मेहनत मातीत." मग कोणी हसलं नाही.

मला मॅडम हातानं इशारा करणार होत्या. हात खाली आला की बटण दाबायचं. मूस म्हणजे धातूचा रस करायचं जाड भांडं. दोघा पुतण्यांनी लांब सांडशांनी ते भट्टीतून उचललं आणि शेडमध्ये असा लखलखाट झाला की माझे डोळे दिपले. इशाऱ्याची वाट कशाला बघा, म्हणून मी आधीच बटण दाबून ठेवलं. खबरदारी! मूस हळूहळू साच्यावर आली. मॅडमचा हात खाली आला. आणि पाच वर्षं इशारे पाळून अंगात मुरलेल्या सवयीनं माझ्या बोटानं बटण पुन्हा दाबलं.

पहिल्यांदा दाबलं की चालू होतं. दुसऱ्यांदा दाबलं की बंद होतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण डोळ्यांत घाम, काचेवर वाफ, आणि समोर सूर्य ओतल्यासारखा रस. मला कसलं भान!

मी डोळा चिकटवून, श्वास धरून, आयुष्यातली सगळ्यात सुंदर चौकट धरून उभा होतो. रसाची धार बोटाएवढी, केशरी, जराही न थरथरणारी. नत्थूजी मान वाकडी करून ऐकत होते. शेडमध्ये तीस-चाळीस माणसं, पण भट्टीच्या घरघरीखेरीज कशाचा आवाज नाही. जेमतेम पाऊण मिनिट चाललं असेल. साचा भरला तसा त्याच्या दुसऱ्या भोकातून रस टम्म वर आला, नत्थूजींनी हात उचलला, मूस मागे गेली. मी समाधानानं बटण दाबलं. बंद करायला, असं मला वाटलं.

"झालं," नत्थूजी म्हणाले. एकच कल्लोळ झाला. कोणी नारळ फोडला, कोणी नत्थूजींच्या पाया पडलं. मी कॅमेरा काखेत धरून उड्या मारत मॅडमकडे निघालो होतो, तेवढ्यात हेमताईंनी माझं कोपर धरलं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"दादा, कॅसेट मांगं घ्या. पाहा."

"कशाला?"

"पाहा म्हणतो ना."

मी मागे नेऊन पाहिलं. भट्टी. मूस वर येते. मूस साच्याकडे निघते. आणि एकदम माझे बूट. पांढरे, नवेकोरे, दादरहून घेतलेले माझे बूट, मातीत नाचताना. बस. एवढंच.

मी भिंतीला टेकलो.

"तुमच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा इजला, थो मले समोरून दिसला," हेमताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी हात हलवला. तुमचा डोळा तिकडं. आवाज देऊ कशी? ओठावर आलं होतं बाप्पा! पण नत्थूबाबाची घंटा बोबडी केली असती मी."

"मग आता?"

"माझ्याजवळ हाय. सगळी धार, शेवटपर्यंत. बाईचा चेहरा सोडला मी." त्यांनी त्यांच्या कॅमेऱ्यातून कॅसेट काढली, तिच्यावरची 'दोन'ची पट्टी नखानं सोलली. "तुमची द्या इकडं. एकची पट्टी मले द्या."

"ताई, अहो, पण मग तुमच्या नावावर बूट येतील! तुम्हाला बोलतील सगळे."

"बोलतीन. मी सातशेवरून पडली तर खाली जमीनच हाय, किती लागन? तुमी चार हजारावरून पडले तर हाडं मोडतीन. द्या लवकर, थे पेडणेकर येऊन राह्यले."

आणि मी दिली. लिहिताना हात जड होतो, पण मी दिली.

पेडणेकरांनी दोन्ही कॅसेट नेल्या. दुपारी आम्ही सगळे गावच्या शाळेच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो. नत्थूजी, अनसूयाबाई, त्यांचे पुतणे, सगळ्यांना मॅडमनी बोलावलं होतं. हेमताई दाराजवळ, चटईच्या टोकावर.

"कॅमेरा एक लावा," मॅडम म्हणाल्या.

मी तो शॉट त्यानंतर शंभर वेळा पाहिला असेल, शिकवायलाही वापरला. त्यात काहीच जास्त नाही आणि काहीच कमी नाही. सुरुवात बरोबर धार सुटण्याच्या क्षणाला. कॅमेरा धारेबरोबर खाली उतरतो, साच्याच्या तोंडाशी थांबतो, तिथून हलत नाही. मी असतो तर झूम करून वाट लावली असती. हेमताई नुसत्या थांबल्या होत्या. मग दुसऱ्या भोकातून रस वर येण्याच्या अर्धा क्षण आधीच कॅमेरा तिथे पोचलेला! आधीच! त्यांना कसं कळलं? जसं अंतरपाटाचं कळायचं, तसंच. आणि मग कॅमेरा वर उठला, नत्थूजींच्या चेहऱ्यावर. डोळे मिटलेले, कान साच्याकडे. काय चेहरा होता तो! अनसूयाबाईंनी तिथल्या तिथे टीव्हीला हात जोडले.

आणि नत्थूजींच्या खांद्यामागे मी होतो.

लाल टोपी घातलेला, कॅमेऱ्याला डोळा लावून एकाग्र झालेला मी. माझ्याच कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये.

हेमताईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांनी मला चौकटीतून कापायची खटपट केली असणार, पण चेहऱ्याच्या नादात शेवटचे दोन क्षण राहून गेले. मी हळूच मॅडमकडे पाहिलं. त्या टीव्हीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. पेडणेकर "वा, संदेश, वा!" म्हणून टाळ्या वाजवत होते. त्यांना शॉटमध्ये फक्त पैसे वसूल झालेले दिसत होते.

"आता कॅमेरा दोन," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

भट्टी. मूस. बूट. बूट. बूट.

पेडणेकर उसळले. "हे काय? बाईचा चेहरा कुठंय? अहो ताई, तुम्हाला सांगितलं काय होतं आणि तुम्ही केलंत काय? जमिनीचं शूटिंग?"

हेमताई खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं जी."

"चुकलं! मॅडम, मी म्हणत नव्हतो, सातशेत सातशेचंच काम मिळणार. तालुक्याचा माल तो! हिला अर्धाच दिवस लावतो. साडेतीनशे. आणि भंडाऱ्यात सांगून ठेवतो, लग्नाच्या पुढचं काम हिला देऊ नका म्हणून."

हेमताईंनी चटईच्या काडीशी चाळा करत नुसती मान हलवली. पायांत साध्या चपला, टाचा मातीनं माखलेल्या. टीव्हीवर पांढरे बूट नाचत होते आणि तेच बूट माझ्या पायांत होते. खोलीत नजर खाली वळवणाऱ्या कोणालाही ते दिसले असते. कोणी वळवली नाही. मी पाय चटईखाली ओढून घेतले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला मालिका दिसत होती. वर्षभराची. चार हजार गुणिले दिवस. गावाकडच्या बाईला कोण विचारतंय, तिनंच सांगितलं ना, जमिनीवर पडून किती लागणार, असलं सगळं डोक्यात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं. मग हेमताईंनी पदरानं टाचेवरची माती पुसली. बोलणी खाताना माणूस काहीतरी करतो ना, तसं. आणि मला पुढं ऐकवेना.

"मॅडम, ते बूट माझे आहेत."

पेडणेकर थांबले. "काय?"

"बूट माझे आहेत. कॅसेट माझी आहे. मी बटण दोनदा दाबलं. मघाचा शॉट हेमताईंचा आहे. माझा दिवा विझलेला त्यांनी पाहिला, बोलता येत नव्हतं, म्हणून बाईचा चेहरा सोडून त्यांनी घंटा धरली. पट्ट्या आम्ही बदलल्या." मी पाय चटईखालून बाहेर काढले. "म्हणजे, त्यांनी बदलल्या आणि मी बदलू दिल्या."

अनसूयाबाई पुढे वाकून माझ्या पायांकडे बघायला लागल्या. "हो माय, थेच बूट हायेत!" त्या म्हणाल्या. नत्थूजींनी त्यांना कोपरानं ढोसलं.

वीणा मॅडमनी टीव्ही बंद केला. "तू नत्थूजींच्या खांद्यामागे दिसलास तेव्हाच मला कळलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू, हा किती वेळ गप्प बसतो. अख्खी दुसरी कॅसेट गेली रे, संदेश. मी तर उठायच्या बेतात होते."

मी मान खाली घातली. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी तेवढ्यातच म्हटलं, आणि ते मला पुरून उरलं.

"उद्या साचा फोडायचा, घंटेचा पहिला टोला," त्या पुढे म्हणाल्या. "कॅमेरा एकवर हेमताई. संदेश दोनवर. पेडणेकर, आजचे आणि उद्याचे पैसे त्याप्रमाणे."

"त्याप्रमाणे म्हणजे?" पेडणेकर गडबडले. "मॅडम, लोकल माणसाला लोकल रेट असतो. सातशे. आपण इंडस्ट्रीचा नियम मोडला तर उद्या प्रत्येक तालुक्यातला..."

"मी बोलू का जी?" हेमताई होत्या. टीव्ही लागल्यापासून त्या पहिल्यांदाच मान वर करून बोलत होत्या. "हा दादा मुंबईहून इथं आला, बाराशे-तेराशे रुपयाचं रेल्वेचं तिकीट काढून. आता हा भंडाऱ्यात उभा हाय, भंडाऱ्याचा चहा पिते, भंडाऱ्याच्या मातीत नाचते. तरी याचा रेट मुंबईचाच. म्हंजे रेट माणसासंग हलते. मंग मी जागेवरून हलली नाही, तर माझा रेट कावून नाही हलत?"

उत्तर मला सुचलं, आणि मी ते बोलून टाकलं. "ताई, रेट माणसाचाही नाही आणि गावाचाही नाही. कॅमेऱ्याचा आहे. नंबर एकवर जो उभा राहील त्याला चार हजार. दोनवर राहील त्याला सातशे. हे तुम्हीच ठरवलंत, पेडणेकर, पहिल्या दिवशी."

पेडणेकरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम चहा पीत होत्या. नत्थूजी मात्र खो खो हसले, दात नसलेल्या तोंडानं. "लिहा साहेब, लिहा," ते म्हणाले. "कास्याचा भाव बी गावागावाले बदलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजींनी साचा फोडला. मातीतून घंटा निघाली, काळपट, ओबडधोबड, अंगावर साच्याचे डाग. ती दोरानं टांगली. हेमताई कॅमेरा एकला डोळा लावून, बोट बटणावर, पण लाल दिवा लागलेला नाही. नत्थूजींनी लाकडी हातोडा उचलला, पुसला, परत धरला, अनसूयाबाईंना काही म्हणाले, परत उचलला. दिवा नाहीच. ताई, दाबा आता! आणि मग दिवा लागला. हातोडा हलला तो त्यानंतर.

टोला पडला. स्वच्छ, गोल, लांबच लांब. कुठे अडकला नाही, कुठे बोबडा झाला नाही. नदीपलीकडे जाऊन परत आल्यासारखा वाटला. मी अनसूयाबाईंचा चेहरा धरला होता. त्यांचे डोळे भरले, ओठ थरथरले, आणि मी ते सगळं घेतलं. सातशे रुपयांत. सांगतो, त्या दिवसापर्यंत इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. बटण मी एकदाच दाबलं आणि दिवा लागलाय की नाही, ते तीनदा पाहिलं.

हेमताई कॅमेरा उतरवून माझ्याजवळ आल्या. "ऐकलं का, दादा? काही अडकलं नाही पोटात."

"तुम्ही मला हाक मारली असती आणि ती अडकली असती तर?"

"मंग जलमभर घंटा 'दादा, दादा' करत राह्यली असती," त्या म्हणाल्या आणि पहिल्या दिवसासारख्या पदर लावून हसल्या.

पेडणेकरांच्या सहीची पावती त्यांनी झेरॉक्स काढून, काच लावून दुकानात टांगली. 'कॅमेरा ऑपरेटर, दोन दिवस, आठ हजार.' लग्नाची बोलणी करायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दिसायची. लोकांनी कुरकुर केली, काही दुसरीकडे गेले, पुढच्या हंगामात परत आले. सातशेचे बाराशे झाले, मग दोन हजार. बाकीच्या व्हिडिओवाल्यांनीही आपापले भाव हळूच वर नेले, आणि नाव मात्र महागाईचं घेतलं.

मालिका मला मिळाली, पण सहा महिने मी दोन नंबरवर होतो. मग वीणा मॅडमनी एक नंबर परत दिला.

आता माझं स्वतःचं युनिट आहे. रेट आता मी ठरवतो, आणि कुठल्या गावाचा माणूस आहे हे मी विचारत नाही. गेल्या वर्षी नागपूरकडे मोठं काम आलं. मी पहिला फोन हेमताईंना लावला. आता साठी ओलांडलीय, सून दुकान बघते, पण आवाज तोच, खणखणीत.

"ताई, चार दिवसांचं काम आहे. याल का? पैशांचं काय ते तुम्ही सांगा, मी ऐकतो."

"पैशाचं मंग पाहू, दादा," त्या म्हणाल्या. "आधी कॅमेरा नंबर सांगा."

"एक."

"मंग येतो."